आठ जीबीचा रिकामा रस्ता

आण्णांनी काही मागणं बंद केलं त्याला आठ महिने झाले, तेव्हा मी बार्शीला कॉम्प्युटर घ्यायला गेले. आण्णा म्हणजे माझे वडील. ताट ठेवलं तर जेवायचे, तांब्या ठेवला तर पाणी प्यायचे. भाजी अळणी झाली तरी चकार शब्द नाही. आईनं एकदा हट्टानं पाणी ठेवलंच नाही. म्हणाली, मागू दे की तोंडानं. दुपार टळली, ऊन उतरलं, माणूस बाजेवर तसाच बसून. शेवटी आईच रडत तांब्या घेऊन गेली. त्यानंतर तिनं असली परीक्षा बघितली नाही.

माझं म्हणाल तर मी परंड्यात कॉम्प्युटरचा क्लास घेते. सकाळी जायचं, टायपिंग शिकवायचं, रेघांचे तक्ते काढायला शिकवायचं, घरी यायचं. शेजारपाजारच्यांना वाटायचं, पोरगी बापाच्या काळजीनं वाळली. मी वाळलेबिळले नव्हते. मला काहीच वाटत नव्हतं. दाढ काढायच्या आधी डॉक्टर इंजेक्शन देतात, मग जीभ लावून बघितली तर दाढ जागेवर असते पण आपली नसते, तसं सगळं घर होतं.

झालं होतं ते एवढंच. आण्णा एसटीच्या लाल गाडीवर ड्रायव्हर. परंडा-कुर्डुवाडी हा त्यांचा रस्ता, निम्मं आयुष्य त्याच्यावर गेलं. आमच्याकडं स्टॉप कागदावर असतो. माणूस बांधावरून येतो, हात वर करतो, तो खरा स्टॉप. आण्णा हात दिसला की थांबायचेच. सोबतचे ड्रायव्हर चिडवायचे, "तुमची गाडी न्हाय, बैलगाडी हाय." त्या दिवशी गाडी गच्च भरलेली, उशीर झालेला, आणि निम्म्या लोकांना कुर्डुवाडीत रेल्वे गाठायची. मागनं सगळ्यांचा एकच धोशा, चला, चला, रेल्वे चुकंल. पुलाच्या अलीकडं मोरीपाशी एका म्हाताऱ्यानं हात केला. गाडी थांबली नाही. म्हातारा गाडीच्या मागं पळाला, ठेच लागून मोरीच्या कठड्यावर पडला. दवाखान्यात दोन दिवस काढले आणि गेला. चष्म्याचा नंबर बदलायला निघाला होता, असं त्याच्या घरचे म्हणाले.

कुणी आण्णांना बोल लावला नाही. गाडी त्याला शिवलीसुद्धा नव्हती. आई येईल त्याला सांगायची, "यांना दिसलाच न्हाय ओ त्यो." मीही तेच सांगायचे. आण्णा काहीच सांगायचे नाहीत. महिनाभर ड्युटीवर गेले, मग एक दिवस गेले नाहीत, आणि राहिलेली नोकरी सोडून बाजेवर बसले.

आता खेळाचं सांगते. मला कॉम्प्युटरवर बस चालवायच्या खेळाचा नाद आहे. बाईमाणसाला हा कसला नाद, असं मावशी म्हणते, तर म्हणू दे. मूळ खेळात रस्ते परदेशातले, गुळगुळीत. पण त्यात आपल्याला आपली भर घालता येते, त्या भरीला मॉड म्हणतात. गाडी आपली, झाडं आपली, खड्डेसुद्धा आपले. क्लासातल्या रडक्या मशीनवर सुट्टीच्या दिवशी बसून मी आण्णांची गाडी बनवली होती, मागच्या पत्र्यावरच्या पोच्यासकट. मग परंडा ते कुर्डुवाडी रस्ता केला. बाभळी, ऊस, पूल, मोरी. मोरी त्या म्हाताऱ्याच्या आधीच करून झालेली होती. तेव्हा ती नुसती मोरी होती.

त्या दिवसांत आण्णांना एकदा क्लासात नेऊन दाखवलं होतं. त्यांनी एक बटण दाबलं, गाडी पळाली, आणि ते हसत सुटले. "क्लच कुठाय? गिअर कुठाय? ही गाडी न्हाय पोरी, पिठाची गिरण हाय. बटन दाबलं की चालू." मग कंडक्टर लोकांना बोलावून सांगितलं, माझ्या पोरीनं माझी गाडी पिठाला लावली.

ते हसणं मला आठवत होतं, पण दुसऱ्या कुणाच्या घरातलं असल्यासारखं. तरी त्याच्यावरच मी बार्शीला गेले. क्लच असलेलं स्टेअरिंग मिळतं, टेबलाला आवळून बसवायचं, खाली पायाशी तीन पेडलं, बाजूला गिअरचा दांडा. आण्णांचे हात एकदा स्टेअरिंगवर पडावेत, एवढंच डोक्यात होतं. माणूस हातानं काही धरील, तर तोंडानंही काही मागंल, असा माझा हिशेब.

दुकानदारानं आधी काचेचा डबा पुढं केला, आत लाल-निळे दिवे. "मॅडम, हा गेमिंगवाला घ्या." मी विचारलं, रॅम किती, कार्ड कुठलं. तो प्रोसेसरवरचं चकचकीत स्टिकर दाखवायला लागला.

"बडा घर पोकळ वासा," मी म्हणाले. "दिव्यावर गाडी पळत न्हाय ओ."

सगळे हीच चूक करतात. ट्रॅक्टर घेताना नुसता एचपी विचारावा, तसं प्रोसेसरचा नंबर बघून येतात. मॉड घातलेल्या खेळाचं घोडं दुसरीकडंच पेंड खातं. प्रोसेसर बरा असला तरी भागतं. पण प्रत्येक बाभळीचं, प्रत्येक पत्र्याचं चित्र असतं, ते ग्राफिक्स कार्डाच्या मेमरीत मावावं लागतं. बाकीचा पसारा, म्हणजे रस्ता, आवाज, रहदारी, चालती माणसं, हे सगळं रॅममध्ये येऊन बसतं. आडातच नसलं तर पोहऱ्यात कुठून येणार? मावलं नाही की खेळ कुरकुर न करता बंद पडतो, समोर रिकामा पडदा.

मी दिव्याचा डबा बाजूला ठेवला. साध्या पत्र्याचा घेतला, वापरलेलं पण धड ग्राफिक्स कार्ड घेतलं, पॉवर सप्लाय मात्र नवा कोरा, कारण आमच्याकडं व्होल्टेजचा भरवसा नाही. शेवटी उरले दोन पर्याय. क्लचवालं स्टेअरिंग आणि आठ जीबी रॅम, नाहीतर दोन पेडलचं साधं स्टेअरिंग आणि सोळा जीबी रॅम. दोन्ही चांगलं घेणं बसत नव्हतं.

पेनड्राइव्हवर माझा रस्ता नेला होता. दुकानदारानं आठ जीबीवर लावून बघितला. पुलाच्या जरा अलीकडं गाडी अडखळली आणि खेळ बंद. मी माणसं आणि रहदारी काढून टाकली, परत लावला. लोण्यासारखा पळाला.

"मॅडम, साधं व्हील घ्या, सोळा टाकतो. माणसासकट चालंल," तो म्हणाला. "मशीनपेक्षा स्टेअरिंग भारी, म्हणजे नाकापेक्षा मोती जड झाला की."

"माझ्या वडलांना क्लच लागतो," मी म्हणाले.

हे खोटं नव्हतं. पण खरं सांगायचं तर मला तो रिकामा रस्ता बघून बरं वाटलं होतं. दोन्ही बाजूंनी बाभळी, मधनं काळी पट्टी, आणि वर केलेला हात कुठंच नाही. म्हटलं, आण्णांना असाच रस्ता पाहिजे. आठ जीबी घेतली ती क्लचसाठी, असं मी आईला सांगितलं. मलाही तसंच सांगितलं.

रविवारी दुपारी सगळं मांडलं. टेबलाला स्टेअरिंग आवळलं. पेडल शहाबादी फरशीवरून मागं सरकायला लागलं, तर आईनं ज्वारीचं निम्मं पोतं ओढत आणून त्याच्यामागं टेकवलं. आण्णा बाजेवरून बघत होते. मी हाताला धरून त्यांना खुर्चीत बसवलं.

"तुमी नुसतं बसा आण्णा. चालवू नका."

बसले. जरा वेळानं डावा पाय आपला आपण क्लचवर गेला. हात गिअरच्या दांड्यावर आला. त्यांनी आरशात बघितलं, पडद्यावरच्या आरशात, आणि पहिला गिअर टाकला. गाडी परंड्याच्या स्टँडातून बाहेर पडली. आई पदर तोंडाला लावून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मी तिच्याकडं बघून मान हलवली. मनात म्हटलं, जमलं.

मला दिसत होतं, प्रत्येक फाट्याला आण्णांचा पाय ॲक्सिलेटरवरून उठत होता. गाडी हळू करायचे, डावीकडं बघायचे, परत वेग घ्यायचे. पुढच्या फाट्याला तेच. एका वस्तीपाशी तर पार थांबले, दार उघडलं, थोडा वेळ गेला, दार लावलं. चढणारं कोण नव्हतंच. मग पुलाच्या अलीकडं मोरी आली. त्यांनी गाडी बाजूला घेतली, गिअर काढला आणि हात मांडीवर ठेवले.

"माणसं कुठंयत?" ते म्हणाले.

आवाज घोगरा झाला होता, फार दिवस न वापरल्यामुळं.

"काढली," मी म्हणाले. "मशीनला झेपत न्हायत."

"झेपतील असं कर."

"अजून रॅम टाकावी लागंल. बार्शीहून आणावी लागंल."

"मग आण."

आईच्या हातातला आमटीचा डाव खाली पडला. मला ते लगेच कळलं नाही, तिला कळलं. त्यांनी मागितलं होतं.

मी घाईघाईनं म्हणाले, उद्याच आणते, खेळात तयार माणसं असतात, कोटवाली, हॅटवाली, तीच घालते सगळीकडं. आण्णांनी नाही म्हणून मान हलवली.

"ती इथं नकोत. ह्या मोरीपाशी एक माणूस घाल. पायजमा घाल, धोतर नको. पांढरा सदरा, कोपराला ठिगळ. युरियाच्या पोत्याची शिवलेली थैली, डाव्या हातात. उजवा हात वर." त्यांनी आपला हात वर करून दाखवला. "एवढा. डोळं बारीक करून बघत होता. गाडीची पाटी वाचता येत नसंल त्याला."

मी वहीत लिहून घेत होते. थैली डाव्या हातात, असं लिहिलं आणि पेन थांबला. आठ महिने आम्ही गावभर सांगत होतो, यांना दिसलाच नाही. ठिगळसुद्धा दिसलं होतं. आई आत गेली. ते वाक्य तिनं परत कुणाला सांगितलं नाही, मीही नाही. मला वाईट वाटलं, आठ महिन्यांत पहिल्यांदा. इंजेक्शन उतरल्यावर दाढ ठणकते तसं ठणकलं, आणि मी तिथंच वहीवर डोकं ठेवून रडले. आण्णा पडद्यावरच्या गाडीचा आवाज ऐकत बसले.

दुसऱ्या दिवशी रॅम आणली. दुकानदार म्हणाला, "बघा, आधीच सांगितलं होतं." मी म्हटलं, व्हय, सांगितलं होतं. घरी येऊन दुसऱ्या खाचेत ती बसवली, कट्ट आवाज होईपर्यंत दाबली. म्हाताऱ्याला मात्र चार दिवस गेले. सदरा जमला, थैली जमली, ठिगळ तीनदा करावं लागलं. आण्णा शेजारी बसून सांगायचे, अजून जरा खाली, अजून जरा मळकं. त्याला चालवणं आणि गाडीत चढवणं मला जमेना. तो नुसता हात वर करून उभा राहायचा.

मग एका दुपारी आण्णा बसले. या वेळी रस्त्याला माणसं होती, थोडी कोटवाली, थोडी मी केलेली. फाट्याफाट्याला थांबत गाडी मोरीपाशी आली. म्हातारा हात वर करून उभा होता. आण्णांनी क्लच दाबला, ब्रेक लावला, गाडी अगदी त्याच्या पुढ्यात उभी केली आणि दार उघडलं. तो तसाच उभा.

"त्यो चढत न्हाय आण्णा," मी म्हणाले. "मला तेवढं येत न्हाय अजून."

"असू दे," आण्णा म्हणाले. "थांबू की. आज कुणाला रेल्वे गाठायची न्हाय."

गाडी चालू ठेवून ते बसून राहिले, दाराकडं बघत. थोड्या वेळानं त्यांनी पाणी मागितलं.