किसनने क्लारनेट ठेवून दिलं

मी वालूर सोडलं त्या सकाळी सेलूची एस.टी. दीड तास आलीच नाही. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनात कुठं रस्ता बंद, कुठं गाडी बंद, हे तेव्हा नेहमीचंच होतं. पत्र्याची पेटी, आईने बांधून दिलेल्या दशम्या आणि शेजारी उभे आबा, पुन्हा पुन्हा एकच सांगणारे, "पोटापुरतं कमव, पण गाव इसरू नगं." किसनची बँडपार्टीही मानवतच्या लग्नाला निघालेली, गाडीची वाट बघत बसलेली. मला बघून किसनने क्लारनेट बाहेर काढलं. म्हणाला, मालक पुण्याला चालले, कोरडं कसं सोडावं? मी एकोणीस वर्षांचा मालक आणि तो माझ्या बापाच्या वयाचा. त्याने वाजवायला सुरुवात केली आणि आई रडायची थांबली. गाडी आली तरी कंडक्टर घंटी मारेना.

किसन बौद्धवाड्यातला. त्याच्या क्लारनेटचे आम्ही शौकीन होतो, आणि शौकीन म्हणजे लय बेजार करणारे. त्याची पार्टी पोखर्णीला वाजवणार असं कळलं की आम्ही चौघं पोरं सायकली काढायचो. लग्न कुणाचं, हे तिथं गेल्यावर विचारायचो. वरातीत तो एक सूर असा लांबवायचा की नवरदेवाचं घोडं बिथरायचं, पण सूर तुटायचा नाही. आम्ही फर्माईशी करत सुटायचो आणि तो मान हलवून वाजवायचा. त्याने नाही म्हटलेलं मला आठवत नाही.

पुढं आम्ही तेच चौघं पुण्याजवळ भोसरीला एका खोलीत राहिलो. कारखान्यात लेथवर बारा तास उभं राहायचं. सुपरवायझर हसायचा म्हणून 'आमी'चं 'आम्ही' झालं, भाकरीची जागा पावाने घेतली, दाढी रोज व्हायला लागली. एक गोष्ट तेवढी आम्ही सोडली नाही. अक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या लग्नात कुणीतरी किसनचं वाजवणं टेपवर घेतलं होतं. ती कॅसेट रविवारी लागायची. रस्त्याने पुण्याचा बँड गेला की आम्ही खिडकीतून नावं ठेवायचो. ह्यांना काय येतंय, आमच्या किसनला ऐकवा!

मग आबांचं पत्र आलं. किसन आता लग्नाला येत नाही. त्याने पेटी आणि ढोलकी घेतली आहे, माइक लावून गावोगाव गातो, नामांतराची, शाळेची, पाणवठ्याची गाणी. स्वतःच रचतो म्हणे. दिवाळीला गेलेल्या एकाने त्याची नवी कॅसेट आणली. आम्ही हात धुऊन, सतरंजी झटकून ऐकायला बसलो. घोगरा आवाज, वरच्या पट्टीत जाऊन फाटणारा. क्लारनेटचा पत्ता नाही. पहिली बाजूसुद्धा कुणी पुरी ऐकली नाही. सोन्यासारखा माणूस वाया गेला, एक म्हणाला. दुसरा म्हणाला, पेटीवर कोणीही रडेल, ह्याला कुणी सांगितलं होतं गायला? माझ्या तर तळपायाची आग मस्तकात गेली. मी लगेच पत्र लिहिलं, किसन, तुझा मूळ सूर सोडू नकोस, आमचं मन मोडू नकोस. उत्तर आलं नाही, त्याचाही मला राग आला.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी हट्टच धरला. वाजवील तर किसन, नाहीतर वरात नको. आबा म्हणाले, त्येचा नाद सोड. मी स्वतः गेलो.

बौद्धवाड्याच्या तोंडाशी उभं राहून मी त्याला शंभरदा हाक मारली असेल, पण त्याच्या घरात पाऊल टाकलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. त्याने बाजेवर बसायला सांगितलं. "बस, पांडुरंग," म्हणाला. चहा आला. कॅन्टीनमध्ये कुणाच्याही शेजारी बसून चहा पिणारा मी, तिथं कप उचलायला मला जरा वेळ लागला. त्याने ते पाहिलं असणारच.

मी लांबण लावली. तुझ्यासारखा सूर मराठवाड्यात नाही, आम्ही चौघं तुझ्यासाठी जीव टाकतो, एकदाच वाजव. तो ऐकत राहिला आणि मग त्याने अक्काच्या लग्नाची आठवण काढली. सकाळपासून ती पार्टी वाजवत होती. सगळ्या पंगती उठल्यावर त्यांना गोठ्यापलीकडं बसवलं, त्यांच्या घरून आणलेल्या ताटल्या घेऊन. "वाढायला तूच व्हतास," किसन म्हणाला.

होतो ना. मी त्याला हटकून जास्त बुंदी वाढली होती. हात लांब ठेवून, वरून टाकली होती, आणि आपण कलावंताचा मान राखला म्हणून दिवसभर फुशारलो होतो.

"क्लारनेट वाजवायचं म्हंजी तोंड गुतून पडतंय, पांडुरंग," तो म्हणाला. "मला बोलायचं व्हतं."

मी शहाणा त्यावर काय म्हणालो असेन? पण तुझा गळा बरा नाही. तो हसला. म्हणाला, गळा बरा न्हाई ते मला ठाऊक हाय, पण शब्द माझे हायेत. मी चहा संपवला आणि निघालो.

लग्नात परभणीचा बँड आला. मी तोंड फुगवून घोड्यावर बसलो होतो. भोसरीच्या दोस्तांना सांगितलं, माणूस मगरूर झालाय. दोस्तांनो, तुम्हालाही ते पटलं होतं, आठवतं का? खरं सांगू? सूर गेल्याचं दुःख होतंच, पण त्याने मला नावाने हाक मारली ते जास्त झोंबलं होतं. इतकी वर्षं ते मी कुणाला बोललो नाही.

आता नामांतर झालं. आबांनी लिहिलंय की किसन चौकात गायला आणि गर्दी हटेना. त्याच्या गाण्यांची ती तेव्हा अर्धवट सोडलेली कॅसेट मी शोधून काढली. एकट्याने दोन्ही बाजू ऐकल्या. आवाज फाटतो तो फाटतोच, त्याला इलाज नाही. मला अजूनही क्लारनेटच आवडतं, उगीच खोटं कशाला सांगू? पण ज्या गावाच्या आठवणीने इथं माझा जीव कासावीस होतो, त्या गावात किसनचं तोंड बंद होतं, आणि ते बंद होतं म्हणूनच ते गाव मला इतकं गोड वाटत होतं. हे कळल्यापासून बसवत नाही आणि निजवत नाही. मोठी मुलगी विचारते, आपलं घर कुठं? वालूरला, असं म्हणताना जीभ अडखळते.

आबा, उन्हाळ्यात धाकट्याचं जावळ काढायला येतोय. अंगणात पंगत बसेल तेव्हा किसनमामा माझ्या शेजारी बसतील. तुम्हाला पटणार नाही, भावकी उठून जाईल, जाऊ द्या. ते बसले तर ते घर माझं आहे, नाहीतर मी आपला भोसरीचाच.

आणि मामा, तुम्ही यालच असं मी धरून चाललेलो नाही. माझ्या लग्नाच्या वेळी मी तुमच्या दारात आलो, तुमचा चहा प्यायलो, तो तुम्हाला वाजवायला बोलवायला. जेवायला या, असं म्हणायचं मला सुचलंसुद्धा नाही.