ओढ्यातली गाळणी

हसणार नसाल तरच सांगतो. मी चारचौघांत तोंड उघडणारा माणूस नाही. त्या दिवशी उघडलं, तेही ओरडून, आणि सपशेल माती खाल्ली!

कळंबजवळच्या आमच्या गावात छोटा तलाव आहे. पाऊस पडला की रानातलं खत ओढ्यानं वाहून त्यात येतं. खतातल्या फॉस्फरसमुळं शेवाळ माजतं, पाणी हिरवंगार! कृषी कॉलेजच्या मॅडमनी उपाय सांगितला, तोही भंगारातला. लेथवरचा लोखंडी कीस आणि वीटभट्टीचा चुरा पोत्यांत भरून ती पोती ओढ्यात आडवी रचायची. पाणी त्यातून झिरपतं, फॉस्फरस गंजाला चिकटून राहतो.

"ही गाळणी जमली, तर बाकीच्या ओढ्यांचं कामही तुलाच," मॅडम म्हणाल्या.

नववीत शाळा सोडलेल्याला असं कोण म्हणतं हो? मी जीव ओतला.

पाऊस झाला. मॅडमनी गाळणीच्या वरचं आणि खालचं पाणी दोन नळ्यांत घेऊन औषध टाकलं. जितका फॉस्फरस जास्त, तितका रंग निळा. वरचं पाणी फिकट. आणि खालचं? शाई!

माझं डोकंच फिरलं. गाळणीच्या कडेलाच सलीमचाचांचं रान. ते बांधावरच उभे होते.

"चाचा, ओढ्यात खत तुम्हीच सोडलं!"

"काय बोलतो रं? म्या कशाला सोडू?"

"माझं काम बिघडवायला!"

"अरं हळू. लोकं जमली बघ."

"जमू द्या! लई सोसलं म्या!"

काय सोसलं होतं, मलाच ठाऊक नाही.

तेवढ्यात मॅडमनी गाळणीतलं एक पोतं उलटं केलं. "ही पोती कसली रे?"

"खताची, मॅडम. घरचीच. एकदम मजबूत!"

आता तुम्हीच सांगा, आमच्याकडं दुसरं पोतं असतं कुठं? पावसात डोक्यावर खोळ खताच्या पोत्याची, न्हाणीला पडदा खताच्या पोत्याचा!

"धुतली होतीस?"

धुवायची? पोतं कोण धुतं?

मॅडमनी शिवणीत बोट फिरवून तळवा पुढं केला. डीएपी खताचे अर्धवट विरघळलेले दाणे, म्हणजे फॉस्फरसच!

सलीमचाचा वाकून बघत राहिले. "व्वा रं पठ्ठ्या! औंदा एका पोत्यासाठी म्या कळंबात दिवसभर रांगेत उभा, अन् तू ओढ्याला खत घालून बसला?"

सगळे फिदीफिदी हसले. मॅडमसुद्धा!

"मॅडम, मग बाकीच्या ओढ्यांचं काम?" मी कसंबसं विचारलं.

"आधी ही पोती धुऊन आण."

मी पोती रिकामी करून ओढ्याकडं वळलो, तर चाचांनी हात धरला.

"तिथं नको रं बाबा. माझ्या सोयाबीनमधी धू!"