पुनर्विचारार्थ परत

ते राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयात कारकून. त्यांचं काम एवढंच, की कागद उलगडायचा, सहीच्या जागेवर बोट ठेवायचं आणि सही झाली की शाई टिपायची. सव्वीस वर्षं. या काळात चार राष्ट्राध्यक्ष आले आणि गेले, बोट तेच राहिलं. "माझ्या बोटावाचून या देशात कायदा होत नाही," असं ते पाहुण्यांना सांगत आणि पाहुणे हसायच्या आत स्वतःच हसून घेत. घरात त्यांना 'महामहिम' हे नाव पडलं होतं. ते बायकोनं ठेवलेलं, त्यामुळे बदलण्याचे अधिकार त्यांच्याकडे नव्हते.

नाव मात्र चपखल होतं. घरातला प्रत्येक निर्णय त्यांच्या नावानं निघायचा आणि एकही त्यांनी घेतलेला नसायचा. "ह्यांनी ठरवलंय, पडदे निळेच," असं बायको शेजारणीला सांगायची, तेव्हा पडदे निळे होणार हे त्यांनाही शेजारणीबरोबरच कळायचं. स्वयंपाकघर हा राज्याचा विषय, तिथे केंद्रानं नाक खुपसायचं नाही. मुलीची खोली हे दुसरं राज्य, तिथे तर दार वाजवल्याशिवाय प्रवेशही नाही. केंद्राकडे उरलं काय, तर बाहेरच्या खोलीतली एक खुर्ची आणि परराष्ट्र धोरण, म्हणजे सासुरवाडीचे फोन. तेही आधी पढवलेलंच बोलायचं.

याचं त्यांना वाईट वाटत नसे. उलट मुलगी लहान असताना तिला शेजारी बसवून ते राष्ट्राध्यक्षांचे अधिकार रंगवून रंगवून सांगत. "मंत्रिमंडळानं सल्ला दिला की सही करायची. पटलं नाही, तर कागद एकदा, फक्त एकदाच, परत पाठवता येतो. वर लिहायचं, 'पुनर्विचारार्थ परत'. पण तोच कागद पुन्हा आला, की मुकाट्यानं सही." मुलगी डोळे मोठे करून ऐकायची. आपण आपल्याच पायावर धोंडा पाडून घेतोय, हे तेव्हा त्यांच्या ध्यानीमनीही नव्हतं.

मुलगी सतरा वर्षांची झाली आणि एका संध्याकाळी तिनं त्यांच्यापुढे एक अर्ज ठेवला. देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, समुद्रकाठच्या राज्यात, जहाजाची इंजिनं शिकवणारी शाळा होती. दोन दिवसांचा प्रवास, चार वर्षांचा मुक्काम. अठरा पूर्ण नसल्यानं वडिलांची सही हवी होती.

एकुलती एक पोर. नाही म्हणायचं होतं, पण नाही म्हणायची सवयच नव्हती. मग हातानं परस्पर काम उरकलं. 'पालकाचा अभिप्राय' या चौकटीत त्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'पुनर्विचारार्थ परत'.

"अहो, हे काय करून ठेवलंत!" बायको ओरडली. "छापील अर्ज आहे तो! एकच होता!"

मुलगी रडली नाही, भांडलीही नाही. तिनं पत्र टाकून नवा अर्ज मागवला, बारा दिवसांनी तो आल्यावर अगदी तसाच भरला आणि पुन्हा त्यांच्या पुढ्यात आणून ठेवला.

"पुनर्विचार झाला," ती म्हणाली. "काही बदल नाही. आता नाही म्हणता येत नाही, बाबा. तुम्हीच सांगितलंय."

"बरोबर आहे," ते म्हणाले. तेवढ्यात त्यांना कायद्यातली फट सापडली. "पण सही किती दिवसांत करायची, ते कुठे लिहिलंय?"

अर्ज कपाटात गेला. आपण केवढे मुत्सद्दी, या खुशीत त्या दिवशी ते दोन घास जास्तच जेवले. अर्ज शुक्रवारपर्यंत टपालात पडायला हवा होता. सोमवार गेला, मंगळवार गेला. मुलगी ताटात बघून जेवायला लागली. बुधवारी बायकोनंही अबोला धरला, तेव्हा कुठे महामहिमांच्या डोक्यात प्रकाश पडला, की दोन्ही राज्यांनी केंद्राशी संबंध तोडलेत.

गुरुवारी कार्यालयात एक कागद दुसऱ्यांदा आला. दोन राज्यांमधून वाहणाऱ्या नदीच्या पाण्याचा कायदा. राष्ट्राध्यक्ष बाईंनी तो महिन्यापूर्वी परत पाठवला होता आणि तो साधा स्वल्पविरामही न बदलता परत आला होता. यांनी सहीच्या जागेवर बोट ठेवलं. बाईंनी ते हलकेच बाजूला केलं आणि पहिल्या पानापासून वाचायला घेतलं.

"सही तर करावीच लागणार ना, बाई?" असं काही विचारायची त्यांची पायरी नव्हती, पण तोंडातून निघून गेलं.

"लागणारच," बाई मान वर न करता म्हणाल्या. "मला पटलं नाही, ते मी लिहून कळवलंय. आता ठेवून घेऊन काय करू? तिकडे लोक खोळंबलेत."

ते अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आले. कपाटातून अर्ज काढला आणि खुर्चीत बसून सही केली. दुसऱ्यांच्या सह्यांवर सव्वीस वर्षं बोट ठेवलेल्या माणसाची स्वतःची सही वाकडी आली. त्यांनी मुलीला हाक मारली आणि अर्ज तिच्या हातात दिला.

ती पाकिटात अर्ज घालता घालता थांबली. "बाबा, सही तर झाली. आता खरं सांगा. तुम्हाला काय वाटतं?"

सल्ला घ्यायला बायको घरात नव्हती.

"भीती वाटते गं," ते म्हणाले. "तू जाऊ नयेस असं वाटतं."

मुलगी खुर्चीच्या हातावर येऊन बसली. "मलाही वाटते भीती," ती म्हणाली. "आईला मी हे बोललेली नाही."

टपाल कचेरी बंद व्हायला अर्धा तास उरला होता. दोघं चपला घालून निघाले, आणि सतरा वर्षांची झालेली पोर रस्ताभर बापाचा हात धरून चालली.