कंदीलमाशाचं उजवं अंग

संग्रहालयात तिला सगळे बारीकबाई म्हणत. अंगाने ती चांगली धिप्पाड होती. बारीक होता तो तिचा ब्रश. स्पिरिटमधले मासे पाहून त्यांची चित्रं काढण्यात तिची उभी हयात गेली होती. माशांच्या ग्रंथातलं शेवटचं पान आता तिच्याकडे होतं. ते झालं की ती निवृत्त होणार होती.

पानावर यायचा होता कंदीलमासा. खोल, काळोख्या समुद्रातला बोटाएवढा जीव. पोटाशी ठिपक्यांची रांग, जिवंतपणी उजेड देणारी. कुठला ठिपका कुठे आहे यावरूनच त्याची जात ओळखायची. पण संग्रहालयाकडे असलेल्या या एकाच माशाची डावी बाजू जाळ्यात घासून पार सोलवटली होती. ठिपके शाबूत होते ते उजवीकडे. आणि ग्रंथाचा शिरस्ता असा, की प्रत्येक माशाचं तोंड डावीकडे, म्हणजे दिसणार ती डावीच बाजू.

विभागप्रमुख साहेबांनी सोपा उपाय सांगितला होता: उजवी बाजू ट्रेस करा आणि कागद उलटा धरा, दोन्ही अंगं सारखीच असतात. तीही मुकाट्याने तसंच करायला बसली. पण भिंगाखाली शेपटीजवळचा एक ठिपका रांग सोडून वर सरकलेला दिसला. डावीकडेही तो तसाच असेल? तिथे तर कातडीच उरली नव्हती. तिने ट्रेसिंगचा कागद चुरगाळला आणि मासा उजवीकडे तोंड करून काढायला घेतला.

घरी हे ऐकून धाकट्या बहिणीने डोक्याला हात लावला. ताई, जाता जाता साहेबांशी कशाला वाकडं घेतेस, म्हणाली. बारीकबाईने ताट पुढे ओढलं आणि जेवायला लागली.

दुसऱ्या दिवशी साहेब टेबलापाशी येऊन थबकले.

“अहो बाई, सगळे मासे एकीकडे बघतायत आणि हा एकटा तोंड फिरवून बसलाय, रुसलेल्या जावयासारखा. पान कसं दिसेल?”

“दिसेल तसं दिसू दे.”

“मग दुसऱ्या कुणाकडून काढून घ्यावं लागेल.”

“घ्या. पण तो तरी डावं अंग कुठून आणणार? मी जे पाहिलं नाही, ते मी काढणार नाही, साहेब.”

साहेबांनी चिमट्याने मासा उलटा केला, पुन्हा सुलटा केला. बराच वेळ भिंगातून पाहत राहिले. मग, आता छापखान्याला या पानावरचा मजकूर दुसऱ्या बाजूला घ्यायला सांगावं लागणार, असं पुटपुटत निघून गेले.

बारीकबाई कागदावर वाकली. डोळा रंगवायचा राहिला होता.