गुडघ्यावरचे नऊ ठिपके

एकोणीसशे साठ-एकसष्टच्या सुमारास, घाटंजीला असताना, माझा गुडघा आखडला. मलमं चोळून मी वैतागले, तेव्हा सासूबाई मला आठवडी बाजारातल्या गोंदणारणीकडे घेऊन गेल्या. दुखऱ्या सांध्यावर गोंदून घ्यायची तिकडे रीतच होती. तिने चार सुया एकत्र बांधल्या, काजळात बुडवल्या आणि म्हणाली, “नऊ ठिपके. तीन दिवस सूज राह्यते, मंग आराम. पण टोचताना मले शिव्या देजो बाई. चूप बसलीस त दुखणं आतच राह्यते.”

आमच्या कारकुनी घरात शिवी कुठली! पहिल्या ठिपक्याला मी कसंबसं ‘गाढव’ म्हटलं. भोवतीच्या बायका खो-खो हसल्या. तिसऱ्याला मी नवऱ्याच्या घोरण्यावर घसरले, पाचव्याला त्याच्या साहेबावर. सातव्यापासून सासूबाईंच्या अळणी वरणापासून टोमण्यांपर्यंत काहीच सोडलं नाही. नववा झाला आणि मी भानावर आले. सासूबाई शेजारीच उभ्या होत्या.

त्या हसू दाबत खाली बसल्या, लुगडं वर सरकवलं आणि माझ्याकडे बघत गोंदणारणीला म्हणाल्या, “माझे दोन्ही गुडघे दुखतात.”