कोपरा फाडलेलं कार्ड

निपाणीची सकाळची मोटार आठ वाजून गेले तरी बेळगावच्या स्टँडवर धूर ओकत उभी होती. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारी हल्ली कोळशाच्या गॅसवर चालतात, आणि मागच्या टाकीतला कोळसा नीट फुलल्याशिवाय ड्रायव्हर चाकाला हात लावत नाही. मला घाई नव्हती. गाडी सुटलीच नसती तरी बरं वाटलं असतं.

निपाणीला जाताना दर खेपेला माझ्या हातात कुंद्याचा पुडा असायचा, दत्तूच्या चार मुलींसाठी. या खेपेला हात रिकामे. मयताच्या घरी गोड नेत नाहीत. सदऱ्याच्या आतल्या खिशात तेवढं एक पोस्टकार्ड होतं, कोपरा फाडलेलं.

काकती मागं पडली. वंटमुरीचा घाट उतरताना दोन्ही बाजूंची झाडी वैशाखातही हिरवी होती, पण डोळ्यांपुढं दत्तूच येत होता. शिकायला आम्ही बेळगावात एका खोलीत राहिलो. पुढं तो निपाणीला तंबाखूच्या वखारीत मुकादम झाला आणि मी पोस्टात. वखारीत त्याचा दरारा, पण घरी आल्यावर अंगावरची तंबाखूची धूळ धुतल्याशिवाय तो मुलींना जवळ घेत नसे. मग ओसरीवर चौघींना ओळीनं बसवून वेण्या घालायचा. गल्लीतले हसायचे. "हसा," तो म्हणायचा, "तुमच्या पोरींच्या वेण्या बघा आन् माझ्या बघा."

संकेश्वरला गाडी थांबली. भाकरी, पिठलं आणि इथल्या मिरचीची लालभडक चटणी खाल्ली. डोळ्यांतून पाणी आलं ते चटणीनंच, असं मी शेजारच्याला सांगितलं. तिथं एक म्हातारी मिरचीचं पोतं घेऊन चढली आणि सगळी गाडी शिंकू लागली.

तवंदीच्या चढाला मोटारीनं मान टाकली. "नूकरी, नूकरी! (ढकला, ढकला!)" कंडक्टर ओरडला. सगळे उतरले. मी म्हणालो, "माझी कंबर धरलीय." कंबर ठणठणीत होती. माणसांत उतरायलाच नको वाटत होतं.

म्हातारी पदर खोचून खाली उभी होती. "बसा की मास्तर! माझं पोतं बी वरच हाय. दोघं एकमेकाला धरून बसा."

सगळे हसले. मी बसूनच राहिलो.

घाट उतरला की निपाणी दिसायच्या आधी तिचा वास येतो. तो तंबाखूचा उग्र वास नाकात शिरला आणि मी सदऱ्यावरूनच खिशातलं कार्ड चाचपलं.

आता सांगतो. माघात माझ्या मुलीचं लग्न होतं. चार दिवस आधी पोस्टात टपाल वेगळं करताना माझ्याच नावाचं कार्ड हाती आलं. कोपरा फाडलेला, वर श्री नाही. असं कार्ड म्हणजे मयताची बातमी. ते उंबऱ्याबाहेर वाचायचं आणि फाडून टाकायचं. अक्षर दत्तूच्या धाकट्या भावाचं. दत्तू दम्यानं अंथरुणाला खिळला होता, हे मला ठाऊक होतं. मी कार्ड उलटलंच नाही. इतकी वर्षं लोकांच्या कार्डांचे नुसते पत्ते वाचत आलो, तसाच स्वतःचा पत्ता वाचला आणि ते गोठ्याच्या वळचणीला खोचलं. कोण गेलं ते आपल्याला कुठं कळलंय, असं मनाला सांगत मांडवात मिरवलो. लग्न झालं, मांडवपरतणं झालं, सत्यनारायण झाला, मग कार्ड वाचलं. तोवर दत्तूचा तेरावाही होऊन गेला होता. वर दत्तूच्या बायकोला, वहिनींना, लिहिलं, 'पत्र पोचलं नाही.' पोस्टातल्या माणसानं!

दत्तूच्या घरी वहिनी आतल्या उंबऱ्यात बसल्या होत्या. "आलासा भावजी," एवढंच म्हणाल्या. ओसरीवर थोरली मुलगी धाकटीची वेणी घालत होती. मी पाणीही घेतलं नाही. कार्ड काढून पुढं ठेवलं आणि सगळं सांगितलं, गोठ्याच्या वळचणीसकट.

वहिनींनी कार्ड उलटसुलट पाहिलं. "म्हंजे लग्नाआधी पोचलं हुतं?"

"व्हय."

"आन् वाचलासा न्हाय?"

"न्हाय."

"खरं? मांडवात तुमास्नी ठावं नव्हतं?"

"वाचलं नव्हतं, वहिनी."

त्यांनी मोठा श्वास सोडला. "ह्यांनी बजावलं हुतं. 'माझं काय झालं तर बेळगावला लगीच कळवू नगासा. शंकऱ्याच्या पोरीच्या डोक्यावर अक्षता पडू द्या.' आन् आमच्या दिरानं घाईत समदी कार्डं एकदमच टाकली! तुमचं पत्र आलं, पोचलं न्हाय म्हणून. मला पटंना. पोस्टातल्या माणसाचंच कार्ड कसं हरवंल? म्हटलं, मला वाईट वाटू नये म्हणून लिवलंय. मांडवात एकलेच रडला असशीला. ह्यांचा शेवटचा शब्द आमच्या हातनं मोडला, म्हणून दोन महिनं झोप न्हाय मला."

"रडलो न्हाय, वहिनी. जिलबी वाढत हुतो."

त्या पदर तोंडाला लावून हसल्या, आणि मग आम्ही दोघंही रडलो.

"अजून फाडलं न्हाईसा व्हय हे?" डोळे पुसत त्यांनी कार्डाचे चार तुकडे केले. धाकटी वेणी सोडवून धावत आली. "काका, कुंदा?"

"पुढच्या खेपेला आणतील गं," वहिनीच म्हणाल्या.

परतीच्या गाडीनं निपाणी सोडली आणि तवंदीच्या घाटात पुन्हा दम टाकला. सगळ्यांआधी मी उतरलो. कंडक्टर तोच होता. "काय मास्तर, कंबर सुटली वाटतं?"

"सुटली," म्हणालो आणि खांदा लावला. ढकलताना एक गोष्ट मात्र मनाशी कबूल केली. दत्तूनं मला वाचवायचं ठरवलं होतं, आणि मी स्वतःला वाचवलं होतं. या दोन गोष्टी एक नव्हेत. तरी माझ्या भित्रेपणाच्या हातून का होईना, त्याचा शब्द राहिला. गाडी वर चढली तेव्हा मी घामानं भिजलो होतो आणि खिसा रिकामा होता.

मयताच्या घरून आल्यावर अंघोळीआधी आत जाता येत नाही. दाराबाहेर उभा राहूनच बायकोला कार्डाची हकीकत सांगितली; तिलाही ठाऊक नव्हती.  ती पाण्याची घागर बाहेर आणून ठेवत म्हणाली,

"पुढच्या खेपेला मीही येते. कुंदा जरा जास्तच घेऊ."