सुकटीची जकात

१९९६ च्या हिवाळ्यात वैशाखरे फाट्यावर जीपवाल्याने एका म्हाताऱ्याला सुकटीच्या वासापायी उतरवले. त्याची पोर नाणेघाटाच्या माथ्यावरल्या गावी दिलेली, आणि तिला डोहाळे सुकटीचे. तो पायीच घाट चढू लागला. मी जुन्नरला त्याच वाटेने निघालो होतो.

"बाबा, गुडघे साथ देतील?"

"जुन्नरच्या व्यापाऱ्यांची लादलेली बैलं हितूनच चढायची. मी काय बैलाहून गेलो, रे?"

दर वळणावर तो थांबायचा आणि गाठोडे हुंगून हसायचा. माथ्यावर जुन्या जकातीचा दगडी रांजण आहे. त्यात त्याने चिमूटभर सुकट टाकली.

"घाट फुकट चढायचा नाय."

पोरीने दारातच गाठोडे सोडले. चूल पेटायच्या आधी पहिली चिमूट तिच्या तोंडात होती.